दोन बोटं सैल

११ जानेवारी

मापांची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला बसले. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझं. सांगायला माणूस जागेवर असतं तर वहीची वेळ आली नसती.

बावीस वर्षं सिस्टर चारचा चहा माझ्याकडे घेते. समोरासमोर दारं, मध्ये अडीच पावलं. ती हॉस्पिटलातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खी इमारत तिला सिस्टरच म्हणते. ती मला मास्तर म्हणते. टेलरला मास्तर म्हणायचं, मग ती बाई असली म्हणून काय झालं, असं तिचं म्हणणं. आज चार वाजले, सव्वाचार वाजले, चहा उकळून उकळून काळा झाला. साडेपाचला बाईसाहेब जिना उतरून आल्या. तिसऱ्या मजल्यावर गेली होती म्हणे, नव्या बाईंकडे.

नव्या बाई म्हणजे भूगोलबाई. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता एकट्याच राहतात, येऊन दोन महिने झाले. "छान आहेत गं त्या," सिस्टर म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

१८ जानेवारी

मागच्या शाईच्या कारखान्याच्या भिंतीवर फलक लागला. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. तेव्हापासून आत माणूस नाही, नुसती झाडं. फलकावर चार टॉवर, बावीस-बावीस मजल्यांचे, आणि भोवती चित्रातली झाडं, सगळी एका उंचीची. आमच्या यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, मजले दिसले की माणसं मोजायला लागतात. "एका मजल्यावर सहा घरं. पाचशे अठ्ठावीस. आणि रस्ता हाच, आपला. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं."

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. पाणी सकाळी तासभर येतं, ते पाचशे घरांना कसं पुरणार. गटार आत्ताच तुंबतं. ऊन, वारा, गाड्या. सगळे एकदम बोलत होते, सेक्रेटरी हात वर करून उभे होते. मला बोलायचं होतं ते माझ्या बदामाविषयी. मशीनच्या खिडकीसमोर, भिंतीच्या पलीकडे एक बदाम आहे. त्याच्यामुळे दुपारच्या उन्हात मला पडदा लावावा लागत नाही. पडदा लावला की काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, एवढं साधं आहे. पण माझी पाळी यायच्या आत भूगोलबाई उठल्या.

"खोडाचा घेर छातीच्या उंचीला साठ सेंटीमीटर भरला की झाडाला नंबर मिळतो," त्या म्हणाल्या. "नंबर मिळालेलं झाड सुनावणीशिवाय तोडता येत नाही. साठच्या आत असेल तर कुणाला विचारायचंसुद्धा कारण नाही. बिल्डरच्या यादीत अडतीस झाडं आहेत. मला गच्चीवरून जास्त दिसतात. आपण मोजूया."

आवाज चढवला नाही, तरी पार्किंग गप्प झालं. वर्गाला गप्प करायची सवय असणार. मग टाळ्या. सगळ्यात जोरात सिस्टरच्या.

माझा बदाम माझ्या पोटातच राहिला.

२५ जानेवारी

भूगोलबाई स्वतः खाली आल्या. हातात निळा ड्रेस, कमरेत थोडा आवळायचा होता. माप घेतलं: छाती ३६, कंबर ३२. बाईंचं कापड चांगलं असतं, हे कबूल करायला हवं.

सासूबाईंनी मला शिवणकाम शिकवलं ते याच मशीनवर. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं: टेपच्या आत दोन बोटं घालायचीच. माप देताना माणूस श्वास रोखतं आणि कपडा घातला की सोडतं. एकतीस वर्षं झाली, ती दोन बोटं आपोआप आत जातात.

"झाडं मोजायला टेप तुम्हीच धराल का?" त्यांनी विचारलं. "माप घेणारा हात लागतो. मी आकडे लिहीन."

मला बरं वाटलं. कधी नव्हे ते कुणी माझ्या हाताचं नाव काढलं. मग म्हणाल्या, "सिस्टर म्हणाल्या, तुमच्यासारखं माप कुणाला येत नाही." म्हणजे मी त्या दोघींच्या गप्पांचा विषय आहे. वर बसून माझ्याविषयी बोलतात आणि खाली माझा चहा थंड होतो.

२ फेब्रुवारी

पालिकेच्या झाडांच्या कचेरीतून परवानगीचं पत्र आणलं होतं, वॉचमनने फाटक उघडलं. सकाळी सात ते अकरा. एक्क्याण्णव खोडं मोजली. टेप दीडशे सेंटीमीटरची, मोठ्या शिरीषांना पुरेना, म्हणून दोन टेपा पिनेने जोडल्या. मी मोजायची आणि आकडा सांगायची, भूगोलबाई लिहायच्या. सेक्रेटरी नंबराच्या चिठ्ठ्या बांधत मागून येत होते.

काम मजेचं झालं असतं. पण सिस्टर आमच्याबरोबर होती आणि तिच्या हातात घडीचं स्टूल होतं. दर दहा झाडांनी ते भूगोलबाईंच्या मागे ठेवायची आणि "टेका जरा" म्हणायची. त्या टेकायच्या. पाण्याची बाटली उघडून द्यायची. मी एक्क्याण्णव वेळा वाकले, गुडघ्यांचा भुगा झाला, मला कुणी टेका म्हटलं नाही.

शेवटी माझा बदाम. साठ. बरोबर साठ. मी आनंदाने भूगोलबाईंचा हातच धरला. गार होता हात, उन्हात असून. एकूण त्रेपन्न झाडं भरली. बिल्डरपेक्षा पंधरा जास्त, आणि त्यातली बरीचशी तिसरा टॉवर यायचा आहे नेमकी तिथे.

९ फेब्रुवारी

यादी छापून कचेरीत गेली, एक प्रत नोटीस बोर्डावर लागली. साहेब पाहणीला येणार बारा मार्चला. चार पानं, सुबक, प्रत्येक झाडाचं नाव आणि घेर. खाली मोठ्या अक्षरात "मोजणी व संकलन" आणि पुढे भूगोलबाईंचं नाव. एकटीचं. माझ्या टेपचा, माझ्या गुडघ्यांचा कुठे मागमूस नाही.

येणारा जाणारा थांबून वाचतो आणि म्हणतो, काय काम केलंय बाईंनी. मी दळण घेऊन उभी होते तेव्हा दोघांनी म्हटलं. मी म्हटलं, हो ना.

सिस्टरला बोलले. तर म्हणते, "त्यांनी मुद्दाम एकटीचं घातलंय. उद्या बिल्डरने केस केली तर आपल्याला त्रास नको म्हणून. मला काय करणार आहेत ते, असं म्हणाल्या." वा. श्रेयही घ्यायचं आणि वर उपकारही. आणि सिस्टरला ते पटतंसुद्धा.

२० फेब्रुवारी

भूगोलबाई निळा ड्रेस घेऊन परत आल्या. सैल होतोय म्हणे. माप: छाती ३४, कंबर २९. महिन्यात दोन-तीन इंच. इथे मी सकाळी चालून चालून झिजते आणि पाव इंच हलत नाही. यांनी डाएट चालू केलेलं दिसतं. डोक्याला रेशमी रुमालही बांधायला लागल्यात, मागे गाठ मारून. या वयात ही हौस.

"पुढे परत भरले की उसवता येईल ना?" जाताना विचारत होत्या. मी म्हटलं, बघू.

आता जे केलं ते लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार. ड्रेस आवळताना जादा कापड आत दाबून ठेवायचं असतं. उद्या माणूस भरलं तर टाके उसवायचे की झालं. लहान मुलींच्या फ्रॉकांनासुद्धा मी दोन-दोन इंच ठेवते. आज कात्री घेतली आणि दोन्ही बाजूंचं आतलं कापड शिलाईलगत कापून टाकलं. शिलाई सुबक दिसते, असं मनाशी म्हटलं. निळ्या पट्ट्या चिंध्यांच्या पिशवीत टाकल्या.

चार वाजता सिस्टर माझ्या दारावरून वर गेली. हातात छोटी चेनवाली पिशवी होती. माझ्याकडे बावीस वर्षांत कधी काही घेऊन आली नाही.

३ मार्च

गच्चीवरच्या पिंपाला कापडी झाकण शिवायला यांनी सांगितलं होतं. माप घेऊन शिवलं, घातलं, तर ते घोळदार. वाऱ्यावर फडफडायला लागलं.

हे पोट धरून हसले. "अगं, पिंप काय श्वास घेतं का?"

मीही हसले. जिना उतरता उतरता पाय तिथेच थांबले.

दोन बोटं. एक्क्याण्णव झाडांना मी आत दोन बोटं घातली होती. झाडं श्वास घेत असतील, पण छाती फुगवून नाही. घरी येऊन कुकरला टेप गुंडाळली, बोटं घालून आणि न घालता. दोन सेंटीमीटरचा फरक. मग कपाटाच्या दांड्यावर, मग यांच्या मनगटावर. दोन. वहीच्या पुढच्या बाजूला पिंपाच्या मापाशेजारीच पेन्सिलीने हिशोब मांडला. साठ आणि एकसष्ट लिहिलेली सहा झाडं आहेत. ती साठच्या आत जातात. ५३ − ६ = ४७. माझा बदाम अठ्ठावन्न.

तशीच वर गेले. सरळ सांगायचं आणि मोकळं व्हायचं. यादी अजून मागे घेता येईल, दुरुस्त करता येईल, पाहणीला नऊ दिवस आहेत. तिसऱ्या मजल्यावर दार अर्धं उघडं होतं. भूगोलबाई आरामखुर्चीत होत्या, डोळे मिटलेले. सिस्टर शेजारी स्टुलावर बसली होती, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून, काही न बोलता. कितीतरी वेळ. समोर चहाचे दोन कप होते.

माझा हात सिस्टरने असा कधी धरला नाही. आई गेली तेव्हाही पाठीवर थोपटलं आणि चहा कर म्हणाली.

मी परत खाली आले.

४ मार्च

दोन सेंटीमीटर. कोण बघणार आहे.

आणि बघितलं तर बघू दे. यादीवर माझं नाव कुठे आहे?

१२ मार्च

झाडांचे साहेब पाहणीला आले. बरोबर बिल्डरचा हेल्मेटवाला, निम्मी इमारत आणि भूगोलबाई, रुमाल बांधून, सिस्टरच्या खांद्याचा आधार घेऊन. साहेबांनी खिशातून स्टीलची टेप काढली आणि यादीत डोळे मिटून बोट ठेवलं. यादीत चौऱ्याहत्तर होतं, भरलं बहात्तर. दुसरं, सत्त्याऐंशीचं पंच्याऐंशी. तिसऱ्या वेळी बोट पडलं नेमकं माझ्या बदामावर. अठ्ठावन्न.

"सगळी वाढवून लिहिलीत," हेल्मेटवाला म्हणाला. हसत नव्हता, पण हसल्यासारखा दिसत होता.

साहेबांनी यादी मिटली. "मोजमाप कुणी केलं?"

मी बदामावरची चिठ्ठी सरळ करू लागले. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, सेक्रेटरींनी पाहिलं. भूगोलबाईंनी पाहिलं नाही.

"मी," त्या म्हणाल्या. "टेप माझ्याकडे होती. चूक माझी आहे, लबाडी नाही. बघा ना, सगळीकडे फरक सारखाच आहे."

साहेब म्हणाले, सारखा असो की नसो, ही यादी चालणार नाही. पंधरा दिवसांत मोजणाऱ्याने स्वतः कचेरीत येऊन चूक कशी झाली ते लिहून द्यावं आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजून दाखवावं. नाहीतर बिल्डरची अडतीसची यादी कायम.

घरी येऊन आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला. चुकीवरसुद्धा हिचंच नाव. टाळ्या हिच्या, शिव्याही हिच्या, आणि सगळे म्हणतात बाईंनी किती सहजपणे अंगावर घेतलं. मला चूकसुद्धा माझी म्हणून मिळत नाही.

सेक्रेटरी सांगत होते, पंधरा दिवसांत बाईंना कचेरीत जाणं जमणार नाही, बाहेर जायचंय म्हणे. ऐन वेळी बऱ्या बाहेर निघाल्या.

१५ मार्च

सकाळी आठला करवती सुरू झाल्या. यादीबाहेरची, बारीक झाडं आधी. त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. दुपारपर्यंत अकरा पडली. मी मशीन चालवून आवाज झाकायला बघत होते. तीन शिलाया उसवाव्या लागल्या.

माझ्या बदामावर अजून कुणी आलेलं नाही. पण हेल्मेटवाला त्याच्याखाली उभा राहून फोनवर बोलत होता, खोडाला पाय टेकवून.

१७ मार्च

सिस्टर आज चारला माझ्याकडे आली. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. स्वतःसाठी गाऊन शिवायचा म्हणाली. तिचं जुनं माप शोधायला वही तिच्याच हातात दिली आणि मी कप विसळायला गेले.

परत आले तर वही पिंपाच्या पानावर उघडी होती.

"त्रेपन्न वजा सहा," ती म्हणाली. "वर तारीख आहे, तीन मार्च. मास्तर, तुला पाहणीच्या आधीच माहीत होतं?"

मी कप खाली ठेवले. मग एकदम सगळंच बोलले. चहा, चार वाजता, बोर्डावरचं नाव, स्टूल, हातात हात. दोन महिन्यांचं साचलेलं. शेवटी म्हटलं, त्या बाईला डाएट करायला वेळ आहे, फिरायला जायला वेळ आहे, कचेरीत जायला नाही.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. हॉस्पिटलात नातेवाइकांकडे बघत असेल तशी.

"वहीत बघ," ती म्हणाली. "छत्तीस, मग चौतीस. माप तू घेतलंस. तुला बाईच्या अंगावर हात ठेवून कळलं नाही? रोज चारला त्यांना इंजेक्शन असतं. ते दिल्यावर अर्धा तास मळमळतं, तेव्हा मी हात धरून बसते. परवा ऑपरेशन आहे. कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते आज मोडलं."

"मला तरी सांगायचंस."

"तुला? तू एकदा तरी विचारलंस, त्या कशा आहेत म्हणून?"

ती गेल्यावर लाज वाटली. इतकी की यांच्यासमोर तोंड वर करवेना. आणि खरं लिहायचं तर लाजेच्या तळाशी, एवढंसं, अजून तेच जळत होतं. आजारातसुद्धा सिस्टर तिचीच. हे वाचून कुणी थुंकलं तरी चालेल.

१९ मार्च

आज त्यांचं ऑपरेशन. सिस्टर सकाळीच तिकडे गेली. मी मशीनवर कापड टाकलं आणि कचेरीत गेले.

साहेबांनी कागद दिला. काय लिहायचं ते अर्धा तास सुचेना. शेवटी लिहिलं: "मी टेलर आहे. मोजमाप मी केलं, बाईंनी नाही. सवयीने आत दोन बोटं घातली. चूक मला पाहणीआधी कळली होती. मी सांगितली नाही." खाली सही.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "शेवटच्या ओळीची गरज नाही, खोडली तरी चालेल."

मी म्हटलं, राहू द्या.

२३ मार्च

फेरमोजणी. टेप हातात घेतली की बोटं आत जाणार, हे मला माहीत होतं. यांनाही. निघताना त्यांनी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं तळहातात वळवून त्यावर रबरबँड चढवला. "आता कर बघू सैल." एकतीस वर्षांत प्रथमच माप घ्यायला माझ्याबरोबर हे आले.

साहेब वाकून प्रत्येक आकडा स्वतः वाचत होते. पलीकडे हेल्मेटवाला, आणि भिंतीवरून निम्मी इमारत. कोण काय म्हणत असेल ते कळत होतं. चूक आधी कळली होती ही बातमी मी येण्याआधीच पोचली होती. सेक्रेटरी माझ्याशी बोलले नाहीत, चिठ्ठ्या मात्र बांधत राहिले.

बदाम शेवटी आला. मी टेप गुंडाळली आणि हात तसाच ठेवला. साहेब घाम पुसत होते, चष्मा हातात होता. रबरबँड एव्हाना सैल झाला होता, बोटं सुटलीच होती. नुसती सरकवायची, बस्स.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"बघू." त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हो. अठ्ठावन्न."

एकूण सत्तेचाळीस. बिल्डरच्या यादीपेक्षा नऊ जास्त, आणि नऊपैकी सात तिसऱ्या टॉवरच्या जागेवर. आता सुनावणी घ्यावीच लागेल, साहेब म्हणाले. तोवर तिथे करवत लागणार नाही. सेक्रेटरी जाता जाता थांबले आणि म्हणाले, पाणी हवंय का. मी घेतलं.

२८ मार्च

बदाम गेला. वीस मिनिटं लागली. मी खिडकीत उभी राहून पाहिलं, आत गेले नाही.

दुपारी बारापासून ऊन थेट मशीनवर येतं. सुईचं नेढं चमकतं, डोळे मिटतात. पडदा शिवायला हवा. सिस्टर समोरच्या दारात दिसली तेव्हा म्हणाली, "गेला का?" मी म्हटलं, गेला. अजून चहाला येत नाही.

३० मार्च

वहीची दोन्ही बाजूंची पानं आज एकमेकांना भिडली. मधलं एकच पान उरलंय.

चारला दारावर टकटक झाली. सिस्टर होती आणि तिच्या हाताला धरून भूगोलबाई. तीन मजले उतरून आल्या होत्या, कपाळावर घाम. हातात निळा ड्रेस.

"परत सैल झालाय," त्या म्हणाल्या. "पण या वेळी आतलं कापड सांभाळा हं. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांत भरायला लागाल. तेव्हा उसवून द्यायचाय."

मी ड्रेस उलटा केला, शिलाई त्यांच्यासमोर धरली. "आत कापड नाही, बाई. मागच्या वेळी मी कापून टाकलं."

"का?"

"राग आला होता."

"माझा?"

"हो."

त्या खुर्चीत बसल्या. सिस्टर दारातच उभी होती. भूगोलबाई म्हणाल्या, "आणि मी उलटंच समजत होते. एकदा तुम्ही वर आला होतात. मी डोळे मिटून पडले होते, पण तुमच्या चपला मला कळतात. दारात थांबलात आणि आवाज न करता परत गेलात. मला वाटलं, मला त्या अवस्थेत पाहिलंत आणि ओळख न दाखवता गेलात. पुढे कुणाला बोललाही नाहीत. तेव्हापासून मी तुम्हाला फार मानत होते. म्हणून साहेबांसमोर तुमचं नाव घ्यावंसं वाटलं नाही."

मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. माझ्या वाट्याला आलेली एवढी एकच चांगली गोष्ट, तीही न केलेली.

"मी मापातली चूक सांगायला आले होते," मी म्हटलं. "सिस्टर तुमचा हात धरून बसलेली दिसली. ते बघून परत गेले. तुमच्यासाठी नाही."

पडदा नसल्यामुळे ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी हाताचा आडोसा केला, खिडकीबाहेर बदामाच्या जागेकडे पाहिलं. मग खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उठल्या. सिस्टर पुढे झाली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. माझ्यासमोर येऊन दोन्ही हात बाजूला केले.

"घ्या माप. आणि या वेळी ती दोन बोटं घालाच."

टेप गुंडाळली. बाईंनी श्वास रोखला होता. "सोडा," मी म्हटलं. त्यांनी सोडला. बोटांखाली ठोके लागत होते, भरभर.

छाती ३२. चिंध्यांच्या पिशवीतून त्या निळ्या पट्ट्या शोधून काढल्या, इस्त्री केली. दोन्ही बाजूंना आतून जोडते आहे. छत्तीसपर्यंत उसवता येईल.

सिस्टरने गॅसवर चहा ठेवला. तीन कप.